गाडीच्या एसीचा गॅस संपत नाही, गळतो

मार्च महिना संपत आला की आमच्या मालेगावात दोन ठिकाणी गर्दी दिसू लागते. एक सरबताच्या गाड्यांवर आणि दुसरी मोटारींच्या एसी दुरुस्तीच्या दुकानांवर. बॉनेट उघडे टाकून गाड्या रांगेत उभ्या असतात आणि प्रत्येक मालकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "उस्ताद, गॅस भरून द्या." उस्ताद गॅस भरतात, मालक पैसे देतो, महिना-दोन महिने थंड हवा मिळते. पुढच्या मार्चला पुन्हा तीच रांग आणि तोच खर्च.

आम्हीही या रांगेत तीन वर्षे उभे राहिलो. चौथ्या वर्षी आमचे जे नुकसान झाले आणि त्याहून मोठे जे होता होता टळले, ते व्यापारी व कारागीर बंधूंना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. आमचा धंदा कापडाचा. शाळा उर्दू माध्यमाची. यंत्रांचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. पण ठोकर खाल्ल्यावर आम्ही ही विद्या एका जाणत्या कारागिराजवळ बसून, विचारून विचारून समजून घेतली. ती सोपी आहे. कोणाही दुकानदाराला समजेल अशी आहे.

तीन वर्षांचा हिशेब

आमची गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. कापडाचे नमुने घेऊन नाशिक, भिवंडी, मुंबई अशा फेऱ्या महिन्यातून चार-पाच वेळा होतात. घेतली तेव्हा एसी चांगला होता. पुढच्या उन्हाळ्यात हवा गार येईना. जवळच्या दुकानात गेलो. कारागीर म्हणाला, "शेठ, गॅस संपला आहे." आम्हाला वाटले, पेट्रोल संपते तसा हाही संपत असेल. अठराशे रुपये दिले. दुसऱ्या वर्षी दोन हजार, तिसऱ्या वर्षी बावीसशे.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या अम्मींना डोळ्यांच्या तपासणीसाठी नाशिकला नेत होतो. वय ७८. सकाळी लवकर निघायचे ठरले होते, पण दुकानात माल आला आणि निघायला अकरा वाजले. उमराणे मागे पडले आणि राहुड घाटाच्या अलीकडे बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पट्टा तुटला. कॉम्प्रेसर आतून जाम झाला होता. तोच पट्टा बॅटरीला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाही फिरवत असल्यामुळे पुढे जाणे शक्य नव्हते. बाहेर ऊन असे की पत्र्याला हात लावता येईना.

दहा-पंधरा मिनिटांत अम्मींचा चेहरा उतरला, बोलणे तुटक झाले. आमच्याजवळ नमुन्याचे सुती तागे होते. एक फाडला, पाण्यात भिजवला, त्यांच्या डोक्यावर आणि मानेवर ठेवला. एका टेम्पोवाल्याने आम्हाला चांदवडपर्यंत नेले. तिथे सावलीत बसवून पाणी पाजल्यावर त्यांच्या जिवात जीव आला आणि आमच्याही.

गाडी ओढून नाशिकला नेली. तिथल्या वयस्कर कारागिराने टॉर्च लावून आम्हाला पाइपाच्या एका सांध्यावरचा काळा तेलकट डाग दाखवला. "शेठ, हा डाग तीन-चार वर्षांचा आहे. गॅस इथून जात होता, त्याच्याबरोबर तेलही. तेल कमी पडले म्हणून कॉम्प्रेसर मेला." त्या सांध्यातली रबरी रिंग चहाच्या दोन कपांच्या किमतीची होती. कॉम्प्रेसर, ड्रायर, पाइपांची सफाई आणि मजुरी मिळून बिल २३,५०० रुपये झाले. गाडी ओढून आणण्याचे ३,००० वेगळे. तीन वर्षांच्या गॅसचे ६,००० धरले तर एका रबरी रिंगपायी ३२,५०० रुपये गेले.

यंत्र चालते कसे?

आपल्या वाचकांना एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द आपल्या कापड धंद्यातूनच आलेला आहे. १९०६ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या इंजिनिअरने तो प्रथम वापरला. सुताला योग्य तो ओलावा देण्याला त्या धंद्यात 'कंडिशनिंग' म्हणत, त्यावरून त्याने हवेला हा शब्द लावला. कोरड्या हवेत सूत जास्त तुटते, हे आपल्या यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. मोटारीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये केली. तो बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! आज आपण एका बटणावर काम करतो, पण आतले तत्त्व तेच आहे.

उन्हाळ्यात अंगावरचा घाम वाळताना गार वाटते, कारण पाण्याची वाफ होताना ती अंगातली उष्णता घेऊन जाते. एसीत हेच काम गॅस करतो. बऱ्याचशा गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांवरच उकळतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर या गॅसला दाबतो, त्यामुळे तो खूप तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेने त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा शोषून घेतो. पुढे एक बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह असतो. त्यातून बाहेर पडताच दाब एकदम कमी होतो आणि डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाची पुन्हा वाफ होते. ती होताना कॉइल बर्फासारखी गार पडते. ब्लोअरची हवा त्या कॉइलवरून आपल्याकडे येते आणि गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो.

म्हणजे गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. तिजोरीतले मुद्दल बाहेर न जाता जसे आतच राहावे, तसे हे मुद्दल आहे. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून कित्येक वर्षांत थोडासा गॅस झिरपतो, तेवढे समजण्यासारखे आहे. पण दर उन्हाळ्यात गॅस कमी होत असेल तर तिजोरीला भोक पडले आहे असे समजावे. भोक न बुजवता वरून पैसे टाकत राहणे हा व्यापार नव्हे.

दुसरी गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसरला लागणारे तेल या गॅसबरोबरच फिरते. गॅस गळतो तेव्हा थोडे तेलही जाते. कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो आणि एके दिवशी जाम होतो. आमचे झाले ते असे.

गॅस भरण्याआधी चार गोष्टी मागा

सूत घेताना आपण काउंट पाहतो, बंडल काट्यावर चढवतो. मग गॅस घेताना डोळे का मिटावेत? कारागिराकडे या चार गोष्टी मागाव्यात.

पहिली, गळती दाखवा. साबणाचे पाणी लावून, नायट्रोजनचा दाब देऊन, रंगीत द्रव टाकून किंवा गळती शोधणाऱ्या यंत्राने, कसेही शोधा, पण जागा आम्हाला डोळ्यांनी दाखवा. गळती डॅशबोर्डच्या मागच्या कॉइलला असेल तर डॅशबोर्ड उघडावा लागतो. ते काम खर्चाचे आहे, पण दरवर्षीच्या वायफळ खर्चाहून बरे.

दुसरी, व्हॅक्युम करा. दुरुस्तीनंतर नळ्यांमधली हवा आणि ओलावा पंपाने बाहेर काढावा लागतो. निदान अर्धा तास पंप चालावा. पंप बंद केल्यावर घड्याळाचा काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा हलला तर गळती अजून शिल्लक आहे. ओलावा आत राहिला तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होतो आणि गॅस-तेलाशी मिळून आम्लही तयार होते, ते धातू खाते.

तिसरी, गॅस काट्यावर तोला. बॉनेटच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम ते लिहिलेले असते. छोट्या गाडीत तो साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. 'जास्त भरून द्या' असे सांगणारे गिऱ्हाईक आपलेच नुकसान मागून घेते.

चौथी, डबा पाहा. स्वस्ताईच्या नावाखाली स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा वायू भरला तर अपघातात गाडीत आग लागण्याचा धोका असतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते. त्यात साध्या गाडीचे तेल गेले तर विजेचा धोका संभवतो. अशी गाडी फक्त त्या कामाच्या जाणकाराकडेच द्यावी.

वापरण्याची रीत

उन्हात उभी केलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून बसल्याबरोबर काचा बंद करून एसी जोरात लावू नये. आधी चारही काचा उघडून एक-दोन मिनिटे गाडी चालवावी, गरम हवा निघून जाऊ द्यावी. मग काचा बंद करून एसी लावावा. थोड्या वेळाने आतल्या आत फिरणाऱ्या बाणाचे बटण दाबावे, म्हणजे आतलीच गार झालेली हवा पुन्हा गार होते आणि यंत्रावरचा भार कमी होतो.

पण हे बटण तासन् तास लावून ठेवू नये. चार-पाच माणसे बसलेल्या बंद गाडीत श्वासाची हवा साचते, डोके जड होते आणि चालवणाऱ्याला झोप येऊ लागते. अर्ध्या तासाने थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी.

ज्या गाड्यांत 'ऑटो' बटण आहे त्यात २४-२५ अंशांवर ठेवून द्यावे. सर्वांत खालचा आकडा लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. डॅशबोर्डवर एक छोटे काळे गोल बटणासारखे दिसते, ते उन्हाचा अंदाज घेणारे यंत्र आहे. आपल्याकडे डॅशबोर्डवर मखमल किंवा गालिचा अंथरण्याची हौस असते. ते यंत्र झाकले गेले की एसीचा अंदाज चुकतो.

घाटात इंजिन दमत असेल, तापमानाचा काटा वर सरकत असेल तर एसी थोडा वेळ बंद ठेवावा. मुक्कामाला पोहोचण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा. कॉइल कोरडी होते आणि कुबट वास येत नाही.

पावसाळ्यात एसीचे काम वेगळेच असते. कसारा घाटात काच आतून धुरकट होते आणि लोक एका हाताने फडके फिरवत गाडी चालवतात. त्याऐवजी एसी लावावा, हवा समोरच्या काचेकडे वळवावी आणि बाहेरची हवा घ्यावी. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, काच लगेच साफ होते. बाष्प काचेच्या बाहेरच्या बाजूने असेल तर वायपर चालवावा आणि गारवा थोडा कमी करावा.

निगा आणि लक्षणे

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या लूमच्या गावांत एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे हवेत उडणारे कापसाचे तंतू. कारखान्याच्या दाराशी गाडी उभी राहिली की हे तंतू कंडेन्सरच्या जाळीत अडकतात, वर धूळ बसते आणि जाळीला घोंगडी पांघरल्यासारखे होते. उष्णता बाहेर पडेल कशी? दर दोन-तीन महिन्यांनी इंजिन थंड असताना साध्या नळीने, हलक्या दाबाच्या पाण्याने ती जाळी धुवावी. जोराचा फवारा मारू नये, पातळ पत्र्या वाकतात.

हीच गत केबिन फिल्टरची. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणाच्या मागे असतो. आमचा काढला तेव्हा त्यावर गोधडी भरता येईल एवढा कापूस निघाला. तो झटकून साफ करावा, फारच काळा असेल तर बदलावा. हे काम घरातला मुलगाही करू शकतो.

थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरत राहिले म्हणजे सील सुकत नाहीत. चार महिने बंद ठेवून मार्चमध्ये एकदम लावला की गळतीला वाट मिळते.

काही लक्षणे ओळखून ठेवावीत. महामार्गावर गार हवा आणि सिग्नलला उभे राहिले की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा त्याची जाळी तपासावी. हवाच कमी येत असेल तर फिल्टर पाहावा. गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात, ते चांगले लक्षण आहे, हवेतला ओलावा बाहेर पडतो आहे. तेच पाणी गाडीच्या आत पायाशी येत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. पट्टा किंचाळत असेल किंवा एसी लावताच घरघर सुरू होत असेल तर एसी बंद करून आधी कारागीर गाठावा. आमची गाडी आम्हाला महिनाभर आवाज देऊन सांगत होती, आम्ही रेडिओ मोठा करत होतो.

हे मात्र जिवाचे आहे

शेठ बाजारात गेले की ड्रायव्हर काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपतो. हे फार धोक्याचे आहे. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर फुटका असेल किंवा गाडी बंद गॅरेजमध्ये, भिंतीला लागून उभी असेल, तर तो आत येतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. आपल्या ड्रायव्हरला सावलीत, मोकळ्या हवेत बसण्याची सोय करून देणे हे मालकाचे काम आहे.

आणि लहान मुलाला 'दोन मिनिटांत आलो' म्हणून बंद गाडीत कधीच सोडू नये. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान दहा-अकरा अंशांनी वाढू शकते. अम्मींचा उतरलेला चेहरा आम्ही पाहिला आहे, म्हणून हे हात जोडून सांगतो.

कोणी म्हणेल, एसी ही चैन आहे. पण सरकारनेही आता तसे मानलेले नाही. साडेतीन टनांवरील ज्या मालवाहू गाड्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बनतात, त्यांच्या चालकाच्या केबिनमध्ये एसी असणे सक्तीचे झाले आहे. आपला माल नेणारा ड्रायव्हर दिवसभर इंजिनच्या शेजारी बसतो. त्याला गार हवा मिळाली तर तो जागा राहील आणि माल सुखरूप पोहोचेल.

कारागीर बंधूंना दोन शब्द

आपल्या समाजातली कितीतरी मुले या कामात आहेत. हात हुशार आहे, पण पुष्कळ दुकानांत ना गॅस तोलण्याचा काटा असतो ना चांगला व्हॅक्युम पंप. आधी या दोन वस्तू घ्या. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो घरातल्या एका तरी मुलाने करावा. गॅसचे काम करताना चष्मा आणि हातमोजे घाला, उडालेला गॅस कातडी गोठवतो, डोळा घालवतो. जुना गॅस हवेत सोडू नका. आर-१३४ए हा हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा तेराशे-चौदाशे पट जोरकस आहे.

गळती दाखवली तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येणार नाही, असे काही जणांना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. नाशिकच्या त्या कारागिराने आम्हाला चहाच्या किमतीची रिंग दाखवली आणि खरे सांगितले. त्यानंतर आमच्या भावाची, व्याह्यांची आणि शेजारच्या दोन सायझिंगवाल्यांची गाडी त्याच्याकडेच गेली. आमच्या गाडीचा गॅस मात्र तेव्हापासून पुन्हा भरावा लागलेला नाही.

यंदा रांगेत उभे राहण्याआधी बॉनेट उघडा, पाइपांच्या सांध्यांवर टॉर्च मारा आणि काळा तेलकट डाग शोधा. डाग दिसला तर कारागिराला सांगा, "उस्ताद, आधी हे दुरुस्त करा, गॅस नंतर भरू."